डावीकडचं दार

तीर्थस्वरूप आत्यास,

बँकेच्या खुर्चीतून (ती माझ्याखाली आहे तोवर) साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? ताईकडे तुझं मन रमलं असेलच. आणखी राहा. लेकीकडे गेल्यावर घाईने परतणं बरं दिसत नाही, आणि प्रवास गुडघ्यांनाही सोसत नाही.

इकडे माझी नोकरी जायची वेळ आली आहे. मी वसुली विभागात आहे हे तुला ठाऊक आहेच. एका बिलंदर कर्जदाराने हप्ते बुडवले, म्हणून त्याचा फ्लॅट ताब्यात घ्यायचा अहवाल मी लिहिला: तिसरा मजला, डावीकडचं दार. मी जिन्याने गेलो होतो (लिफ्टला मी घाबरतो, हस, हस). जप्तीचं पथक मात्र लिफ्टने गेलं. लिफ्ट जिन्याच्या समोर, म्हणजे तिच्यातून बाहेर पडलं की डावं ते उजवं होतं. हे कळायला बँकेची परीक्षा द्यावी लागत नाही, पण पथकातल्या सगळ्यांनी ती दिलेली होती. दारावर नावाची पितळी पाटी होती. पाटी वाचणं आमच्या कामात मोडत नाही, असं त्यांनी नंतर लेखी कळवलं. खरा कर्जदार समोरच्या दारातून बाहेर आला, कुलूप तोडायला त्याने स्वतःची हातोडी दिली, सगळ्यांना चहा पाजला आणि 'फार वाईट झालं हो' म्हणत आत गेला. पुढे लिलाव झाला. एका दंतवैद्याने घर घेतलं आणि दवाखान्यासाठी स्वयंपाकघराची भिंत पाडली. मग कुणीतरी पाटी वाचली.

आता एवढी भरपाई कुणाच्या माथी मारायची, यासाठी समिती बसली. मी म्हटलं, माझं डावं बरोबर होतं. पथकप्रमुख म्हणाले, आमचंही. शाखाधिकारी म्हणाले, सही केली म्हणजे वाचलं असं कुठे होतं? मोठ्या साहेबांनी तर त्या आठवड्याची रजा मागच्या तारखेने घेऊन टाकली. उरला इमारतीचा वॉचमन. पण तो बँकेचा नोकर नाही, त्यामुळे त्याला काढता येईना, याचं समितीला मनापासून वाईट वाटलं. मग सगळे पुन्हा माझ्याकडे बघू लागले. आत्या, खरंच सांगतो, मी टेबलाचे खण रिकामे करायलाही घेतले. बायकोला अजून काही बोललेलो नाही.

शेवटी समितीनेच तोडगा काढला. जप्तीच्या दिवशी मालक घरात असता, तर 'अहो, हे आमचं घर आहे' एवढं तरी म्हणाला असता. पण तो बँकेला न कळवता परगावी निघून गेला. तेव्हा चूक मालकाची. हे ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आता मालकाने दिलगिरीच्या दोन ओळी लिहून दिल्या, की माझी नोकरी शाबूत.

ताईला नमस्कार, तिच्या बाळाचा पापा.

तुझा (एकुलता एक) भाचा

ता. क. त्या दोन ओळी तुझ्या अक्षरात हव्यात. जिन्याने आलं की तुझं दार उजवीकडे, म्हणून मला शंकाच आली नाही गं. पाटी मी सोडवून आणली आहे. दंतवैद्य माणूस चांगला आहे, तुझी कवळी फुकट बसवून देतो म्हणाला.

ता. क. दोन. 'पुन्हा असं करणार नाही' हे लिहायला विसरू नकोस. जबाबदारीच्या बाबतीत साहेब फार कडक आहेत.