आत्या, तुझे जंतू परत ने

ती. आत्यास,

स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून नमस्कार (बस डेपोत उभी आहे, घाबरू नकोस). तुझे गुडघे काय म्हणतात? आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, आणि तक्रार नेमकी तीच आहे.

काकांना आतड्याच्या सुजेचा आजार निघाला (आता औषधांनी बरे आहेत, परवा माझ्याच बसमधून फुकट जाऊ बघत होते), तेव्हा ‘घराण्यात आहे, पोरीला जपा’ असं सांगून तू बाबांकडे ती प्रोबायोटिक कॅप्सूलची बाटली पाठवलीस. आत चांगले जंतू आहेत, जिवंत आहेत, एवढं बोललीस आणि मोकळी झालीस. भोगतोय आम्ही. जंतूंना गारवा हवा म्हणून फ्रिजचा वरचा कप्पा त्यांना मिळाला आणि दूध बाहेर नासलं. फ्रिजचं दार जोरात लागलं की बाबा आईकडे असे बघतात, जणू पाळण्यातलं बाळ उठलं. जंतू भाजतील म्हणून सकाळी गरम चहा बंद. गार चहा पिऊन आईचं डोकं मात्र रोज तापतं.

शिवाय गिळल्याचा पुरावा लागतो. आपल्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत मारायचा तो छोटा टॉर्च घेऊन बाबा माझ्यासमोर उभे राहतात. “आ कर. जीभ उचल.” मी दुकान सोडून बस चालवायला लागले तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते, तुला ठाऊकच आहे. जेवताना मीठसुद्धा आईमार्फत मागायचे.

शेवटी मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, या कॅप्सूलने तो आजार टळतो असा पुरावा अजून नाही. तुमच्यासारख्या धडधाकट बाईचं घेऊन काही बिघडणारही नाही. पण रक्त पडलं, वजन उतरलं, तर लगेच या. म्हणजे सगळा खटाटोप पाण्यात. तेव्हा तुझे जंतू परत ने, ही हात जोडून विनंती.

तुझी वैतागलेली भाची

ता.क. काल टॉर्च बंद करून बाबा तिथेच घुटमळले. “समोरून ऊन येतं का गं डोळ्यांवर?” म्हणाले, आणि खिशातून गडद काचांचा चष्मा काढून दिला. काचा स्वतः बसवलेल्या. दिवसभर तो घालून मी बस चालवली आणि प्रत्येक थांब्यावर उगाच हसत होते.

पुन्हा ता.क. बाटली तळाला आली आहे. ती संपली की बाबांना बोलायला निमित्त उरणार नाही, याची मला फार धास्ती वाटते. तेव्हा डॉक्टरीणबाईंचं त्यांच्या कानावर घालू नकोस. दुसरी पाठव, मोठी बघून. आणि त्यांना फोनवर बजाव, टॉर्च जन्मभर मारावा लागतो.