मागच्या खोलीचा रंग

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मागच्या खोलीची भिंत काळी पडली आहे. ओल. टोबीने रविवारी बोट लावून पाहिलं, बोटाचा वास घेतला. "आई, हा भिंत अनहेल्दी आहे." त्याच्या तोंडी भिंत नेहमी पुल्लिंगी. त्रेचाळीस वर्षांचा झाला, मी आता दुरुस्त करत नाही.

त्याने सगळं ठरवून टाकलंय. घर रंगवून घ्यायचं, भाड्याने द्यायचं आणि मी त्याच्याकडे केंब्रिजला राहायला जायचं. मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

योना गेले त्याला पाच आठवडे झाले.

ही वही मराठीत लिहितेय. या घरात आता मराठी वाचणारं माझ्याशिवाय कुणी नाही. नवऱ्याचं नावसुद्धा लिहिलं वर! त्रेपन्न वर्षांच्या संसारात तोंडाने कधी घेतलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रंगाच्या दुकानात गेले होते. मूठभर कार्डं घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर मांडली आणि नुसती बघत बसले.

या घरात एकच रंग होता. मॅग्नोलिया. म्हणजे साय पिवळी पडायला लागली की दिसते तसा. योना दर सहा-सात वर्षांनी बस गॅरेजमधून आठवड्याची रजा काढायचे, फर्निचरवर चादरी टाकायचे आणि वरपासून खालपर्यंत तोच रंग पुन्हा द्यायचे. दुसऱ्याच्या हाताचा ब्रश भिंतीला लागू दिला नाही. मी एकदा हिरवा म्हणून बघितलं. "इथल्या उजेडात रंग मरतात, हॅना. हा टिकतो." संपलं.

आता कुणी अडवणारं नाही, तर मला काय आवडतं तेच ठाऊक नाही. शहात्तर वर्षांची बाई.

रविवार, ९ फेब्रुवारी

छोट्या डब्या आणल्या तपासायला. हळदीसारखा पिवळा, पोपटी आणि एक राखाडी — राखाडी टोबीने सुचवला होता. मागच्या खोलीच्या भिंतीवर वीतभर पट्टे ओढले.

पिवळा दुपारपर्यंत हिरवट दिसायला लागला. काविळीच्या डोळ्यासारखा. राखाडी बघून तर थंडीच वाजली, शाल घेतली.

त्या खोलीत दहा मिनिटं होते. पुष्कळ झालं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज रंगारी येऊन गेला. वीर. पन्नाशीचा, जालंधरकडचा, पगडीवर रंगाचे शिंतोडे. तो त्याच्या हिंदीत बोलतो, मी माझ्या मुंबईच्या. मला 'आंटीजी' म्हणतो.

माझे पट्टे बघून हसला नाही. म्हणाला, "खोली उत्तरेकडची. इथे ऊन कधी येतच नाही. जो उजेड येतो तो निळा असतो. त्या निळ्यात पिवळा घातला की हिरवा होणार. इथे असा रंग पाहिजे ज्याच्या पोटात थोडा लाल आहे."

पोटात लाल. लक्षात राहिलं ते.

दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, आत प्रार्थना लिहिलेल्या त्या लहान नळीला, हात लावण्याआधी त्याने विचारलं. मी म्हटलं, थांबा, मी काढते. स्क्रू गंजलेले. रंगाच्या थरांनी चिकटून बसला होता, सुरीने सोडवावा लागला. रुमालात गुंडाळून ठेवलाय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दिव्यासाठी तेल संपलंय हे दिवा लावताना कळलं. तेलाचं हे बघायचे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

वीरने भिंत औषधाने धुतली. काळं गेलं. त्याच्याखाली बटाट्याच्या सालीसारखे पापुद्रे. खरवडण्याचा आवाज दिवसभर खालपर्यंत येत होता. मी स्वयंपाकघरात रेडिओ मोठा केला.

लिहून टाकते. इथे नाही तर कुठे लिहिणार.

ती सिपोराची खोली. आमची मुलगी, टोबीच्या आधीची. सहा वर्षांची असताना गेली, एकोणऐंशीच्या हिवाळ्यात. निमोनिया. नळ गोठले होते, रस्त्यावर गुडघाभर बर्फ. पुढची खोली उबदार होती, तिथे आम्ही दोघं झोपायचो. मागची गार होती, तिथे ती. मीच म्हटलं होतं, मोठी झाली, तिला स्वतःची खोली असू दे. तिने स्वतः रंग निवडला होता. भडक नारिंगी. योनांनी कुरकुर न करता दिला. खोली गाजराच्या हलव्यासारखी दिसायची.

ओलीचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हाही म्हणाले, नंतरही. मला ते पटलेलं नाही.

सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसलो. आरसे झाकलेले. आठव्या दिवशी सकाळी उठले तर घरात रंगाचा वास. वर गेले. योना शिडीवर. तीन भिंती मॅग्नोलिया झाल्या होत्या, चौथीवर हात चालला होता. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. दुपारपर्यंत खोलीत तिचं काही उरलं नाही. मग त्यांनी आपली अवजारं तिथल्या भिंतीतल्या कपाटात नेऊन ठेवली आणि ती त्यांची खोली झाली.

मी काही बोलले नाही. त्या दिवशी बोलायला हवं होतं, भांडायला हवं होतं. दोन वर्षं गेली, टोबी झाला, दहा वर्षं गेली. मग बोलायची सोयच राहिली नाही. टोबीला काही माहीत नाही. फोटो माझ्या पेटीत तळाशी, साड्यांच्या खाली. तिची कबर कब्रस्तानाच्या जुन्या भागात, मी एकटी बसने जायचे. हे कधी आले नाहीत. निदान माझ्याबरोबर नाही.

सेहेचाळीस वर्षं एका ताटाशेजारी दुसरं ताट वाढलं. चांगला माणूस होता, सगळे म्हणतात. मीही म्हणते. पण तो ब्रश मी विसरले नाही. त्यांच्या कबरीवर माती टाकताना हातात मातीचा खडा होता आणि डोक्यात तोच ब्रश. देव क्षमा करो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

टोबीचा फोन. "आई, सगळा घर पांढरा करू. भाडेकरूला न्यूट्रल लागतो."

"बरं," म्हटलं.

"तू ओके आहे ना?"

"आहे."

तोही थकलाय. रोज कामावरून सुटून सिनॅगॉगमध्ये जातो, बापासाठी कद्दिश म्हणायला, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना. लहानपणी कधी सरळ गेला नाही, आता एक दिवस चुकवत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी



अकराच्या सुमाराला वीरने वरून हाक मारली. "आंटीजी, कपाट आतून पण रंगवायचं आहे का? जरा बघायला या."

मी म्हटलं, तुम्हीच बघा. तो म्हणाला, "नाही, तुम्ही या."

अवजारांच्या पेट्या त्याने बाहेर काढल्या होत्या. फळ्या उतरवल्या होत्या. कपाट खोल आहे, माणूस आत उभा राहील एवढं. एकोणऐंशीनंतर मी कधी उघडलं नव्हतं. आतून सगळं नारिंगी. तिन्ही बाजू, छतसुद्धा.

मी म्हटलं, राहिलं असेल. तेव्हा कपाटाच्या आत रंगवलं नसेल त्यांनी.

वीरने मान हलवली. पात्याने कडेचा एक कपचा काढून तळहातावर धरला आणि खिडकीपाशी नेला. "हा जुना रंग नाही. बघा, एकावर एक. सात हात तरी आहेत. सगळ्यात खालचा तेलकट आहे, तसला रंग आता मिळत नाही. वरचा नवा. दोन-तीन वर्षांपूर्वीचा असेल. कुणीतरी पुन्हा पुन्हा दिलाय. आणि चांगला दिलाय, कोपरेसुद्धा सोडले नाहीत."

मग त्याने मागे ढकललेली एक लहान डबी पुढे केली. दुकानात मिसळून घेतलेला रंग. झाकणावर पेन्सिलीने योनांचं अक्षर. बाकीच्या सगळ्या डब्यांवर ते खोलीचं नाव आणि तारीख लिहायचे. हिच्यावर नुसती तारीख. दोन हजार बावीसची. तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. गुडघे गेले होते, जिना चढताना दोनदा थांबायचे. मी खालून ओरडत होते — आता पुरे करा, माणूस लावू या. आणि हे आत दार लावून बसले होते. कपाटात वाकून.

म्हणजे दर वेळी. दर सहा-सात वर्षांनी अख्ख्या घराला मॅग्नोलिया, आणि शेवटी हे.

मी आत जाऊन बसले. गुडघे पोटाशी घेऊन, जमेल तशी. वीर खाली निघून गेला. स्वयंपाकघरात त्याने स्वतःच चहा केला, माझाही केला, आणि जिन्याच्या पायरीवर ठेवला. निवल्यावर दिसला मला.

माणसाने एक शब्द बोलायचा होता. एक. मीही बोलायचा होता.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

वीरला सांगितलं, कपाट तसंच राहू द्या. बाकीच्या खोलीचं सोमवारी सांगते.

टोबीला फोन केला, रविवारी एकटा ये म्हटलं. "का? काय झाला?" काही झालं नाही, ये.

पेटी उघडून साड्या बाहेर काढल्या.

रविवार, २३ फेब्रुवारी

टोबीला कपाटासमोर उभं केलं आणि सांगितलं, तुला एक बहीण होती. तो तिथेच चादरीवर खाली बसला. मग म्हणाला, "आई, तिचा नाव काय होता?"

सांगितलं. त्याला नीट म्हणता येईना, म्हणून पुन्हा सांगितलं.