सतरंजीचा लाल काठ

मी, सलाउद्दीन वलद खाजा मोमीन, वय अदमासे बासष्ट, धंदा सतरंज्या विणणे, राहणार सायखेडा, तालुका निफाड, जिल्हा नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून घेत आहे. छातीचे दुखणे हटत नाही, पण डोके ठिकाणावर आहे. मला संताप आला आहे, तोही पूर्ण शुद्धीत आला आहे.

१. राहते घर मुलगी जहिदा व पुतण्या इसाक यांना शरियतीप्रमाणे मिळेल. त्यात मी लुडबुड करीत नाही. पुढे लिहिलेले सर्व शरियतीने मला मर्जीप्रमाणे देता येणाऱ्या एकतृतीयांश हिश्श्यातले आहे.

२. समता मंडळाची बावीस हात सतरंजी माझी आहे. चावडीवर पाटील गरिबांना पायरीखाली बसवी, म्हणून १९२९ साली आम्ही मंडळ काढले आणि सर्वांनी एकाच सतरंजीवर बसायचे ठरवले. ती मी विकली नाही, दान दिली नाही, फक्त बसायला दिली. सतरंजीला दोन्ही टोकांना काठ असतो. हिला मी मुद्दाम ठेवला नाही, कारण काठ आला की मानाची बाजू ठरते. पहिलाच ठराव होता, 'आपल्यात कोणी कारभारी नाही.' आमच्या पुढाऱ्याचे नावच कारभारी, तो तेव्हा पोट धरून हसला होता. "मंग माझं नाव बदलू का?" म्हणाला.

पाटील नमला, कारभारी लोकल बोर्डावर निवडून आला आणि एके दिवशी माझ्या दारात आला. "चाचा, एका टोकाला लाल काठ जोडा. भायेरची मानसं येत्यात, कोनाशी बोलायचं ते त्यांना कळाया नको का?" मी जोडला. कोणी बळजबरी केली नव्हती. चाचा म्हटल्याबरोबर मी विरघळलो, याची मला लाज वाटते.

३. माझा माग आणि सूत ठोकायचा लोखंडी पंजा बयाबाई हिला द्यावा. ही विधवा माझ्याकडे मागासाठी सुताच्या कांड्या भरीत असे. पाटलासमोर चावडीवर पहिली बसली ती हीच. गेल्या चैत्रात सभेला उशिरा आली, जागा नव्हती, लाल काठावर टेकली. कारभारी गरजला, "बाई, ती जागा सभापतीची हाय!" ती म्हणाली, "पाटीलबी हेच म्हनायचा. त्याची पायरी उचलून तुम्ही हितं आनली."

शिस्त मोडली म्हणून तिला काढण्याचा ठराव झाला. ठराव मांडताना केलेल्या भाषणात या हरामखोर कारभारीने समता हा शब्द अकरा वेळा उच्चारला. मग हात वर झाले. माझाही झाला. बयाबाई त्यानंतर माझ्या दारी आली नाही. माग नको म्हणाली तर तिच्या ओट्यावर ठेवून यावा.

४. सतरंजीचा लाल काठ इसाकने कापून कारभारीला द्यावा. तेवढाच त्याचा. उरलेली सतरंजी बयाबाईची. सतरंजीवर कोणी बसावे हे ती ठरवील. कारभारीने अडवल्यास इसाकने हा कागद भरसभेत वाचावा.

५. माझ्या मयतीला कारभारी येईल. सर्वांबरोबर उभे राहून माती द्यावी. भाषण करू नये.

साक्षीदार दोघेही त्या ठरावाला हजर होते, दोघांचे हात वर होते. म्हणूनच त्यांना बोलावले आहे.

मुक्काम सायखेडा, तारीख ७ मार्च १९३६.

सही: सलाउद्दीन खाजा मोमीन

साक्ष: लहानू सखाराम, सही दस्तुरखुद्द.

साक्ष: गोटीराम बुधा, निशाणी अंगठा. लिहिणाराने रिवाजाप्रमाणे डावा मागितला. गोटीराम म्हणाला, "उजवा घ्या. वर हाच गेला व्हता." उजवा घेतला आहे.