शाळेमागची वाट

प्रिय मैनाबाई,

जिवंतपणी तुला कधी 'प्रिय' म्हटलं नाही. मुख्याध्यापिका शिपाईबाईला तसं म्हणत नसते. पण काल जे कळलं ते तुलाच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगू?

काल तुझ्या सुशीलाला भेटायला निघाले. तू गेल्यावर तिच्याकडे जायला मला दीड महिना लागला! नाल्यावरचा रस्ता खणलेला होता, म्हणून तीच घ्यायला आली. म्हणाली, "मांगून चला ना मॅडम. वाट आहे."

मागची वाट! बावीस वर्षं तूही तेच सांगत होतीस. घर ते शाळा, डांबरी रस्त्याची बारा मिनिटं, एवढंच माझं धानोरा. आठवतं, एकदा मी म्हटलं, "तिकडे साप असतात." तू झाडू थांबवलास. "सापच तुमाले भिऊन राह्यले मॅडम. काऊन त्यायले तरास देता?" मी हसले नाही. हसू आलं होतं गं!

शाळेच्या कुंपणामागे दोनशे पावलांवर मोहाचं झाड लागलं. सुशीलानं बुंध्यावर हात ठेवला.

"हे आमचं होतं."

"होतं म्हणजे?"

मग ढ मुलीला समजवावं तसं तिनं मला समजावलं. जंगलातल्या मोहाला सातबारा नसतो, तरी कोणतं झाड कोणत्या घरानं वेचायचं ते गावाला ठाऊक असतं. हे तुझ्या सासूपासून तुमचं. फुलं पडतात चैत्रात, पहाटे. आणि चैत्रात आपली शाळा सकाळची!

"आई इथूनच तुमची खिडकी पाहे. खिडकी उघडली का टोपली मले देऊन पळे."

मी वळून पाहिलं. फांद्यांमधून शाळेतल्या माझ्या खोलीची खिडकी सरळ दिसत होती. सातला पाच कमी असताना मी ती उघडायची, आणि जरा वेळानं तू धापा टाकत दारात. अंगाला त्या फुलांचा उग्र, गोडसर वास.

मी वर्ध्याची. मोह म्हणजे दारू, एवढंच मला माहीत. तुला लेखी नोटीस दिली: कामावर उशीर आणि मद्याचा वास. तू वाचलीस, सही केलीस, आणि माझ्या टेबलावरचा तांब्या भरून ठेवलास. तोंड का उघडलं नाहीस? एक वाक्य पुरलं असतं. पण मी विचारलं तरी कुठे?

पुढच्या चैत्रापासून तू वेळेवर येऊ लागलीस. वासही गेला. शिस्त लागली म्हणून मी खूश! आणि तू?

"नोकरी जाईन म्हणे," सुशीला म्हणाली. "मंग झाड काकूले देलं. चैत्र लागला का आई इकडं पाहेच नाई."

दारू तुझ्या घरात कुणी शिवत नव्हतं, हेही कालच कळलं. ती नोटीस अजून फायलीत आहे. मी आता निवृत्त, ती काढता येणार नाही. पण ती खोटी होती, असं माझ्या सहीनं लिहून नव्या मुख्याध्यापकांच्या हातात देणार आहे. आज सुशीलालाही तसंच लिहून दिलं.

झाड आता जिच्याकडे आहे, त्या तुझ्या जावेला विचारलं, "येत्या चैत्रात मी वेचायला येऊ का?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या ना मॅडम. पण दोन घंटे वाकून राहा लागते. जमन का तुमाले?"

वाकेन, मैना. टोपली सुशीलाच्या घरी जाईल. आणि मी पहाटेच येईन, ती खिडकी उघडायच्या आत.

तुझी,
मॅडम