कापणीत थंड होणारी भट्टी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज दुपारपासून मी तुमच्याशीच भांडून राहिले आहे. केबिनमध्ये बसवत नाही. उठते, खिडकीशी जाते, काचेवरची उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतली काळी धूळ बोटानं पुसते, परत येऊन बसते. तुमच्या मिलच्या थोडं पुढं मी नोकरी करते तो कारखाना आहे, तुमच्यासारखाच सळईचा, आणि कामगारांचं सगळं माझ्याकडं. धान पिकलं अन् अर्धी शिफ्ट न सांगता गावाकडं कापणीला गेली. मालक म्हणतात, जे आले नाहीत त्यांना काढून टाका, आजच्या आज. आणि मला तुमची भट्टी आठवून राहिली.

तुमच्या मिलमध्ये वर्षातून एकदा भट्टी थंड करून आतल्या विटा बदलायच्या. बाकीचे ते काम उन्हाळ्यात उरकत. तुम्ही शिफ्ट सांभाळणारे, पण मालकाशी वाद घालून ते कापणीत घ्यायचे. विटा लावणारे मिस्त्री बाहेरचे, त्यामुळं मिलची माणसं धान कापायला मोकळी. परत येताना कुणीतरी धानाच्या लोंब्यांची झालर आणायचा, पाखरांसाठी दाराला बांधतात तशी, आणि तुम्ही ती मिलच्या गेटला टांगायचे. त्या धुळीतसुद्धा चिमण्या यायच्या. दुबराज तांदळाची पिशवीही यायची. पुरानी बस्तीतल्या आपल्या स्वयंपाकघरात आई तो नवा तांदूळ शिजवायची तेव्हा त्याचा वास पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, शेवटच्या घरापर्यंत जायचा. अशाच एका जेवणात मी शहाणपणा केला. मी तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होते, राज्य नवं, राजधानी नवी, ज्याच्या त्याच्या तोंडी विकास. म्हटलं, माणूस शेतीतून निघून कारखान्यात आला की देश पुढं जातो, तुम्ही तर त्यांना उलटे पाठवता. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात.

"आपली सळई कोण घेते, माहीत हाय का तुले? धान विकलं का हेच लोक घर बांधतात. यांचं शेत पडीक पाडून मी सळई कोणाले विकू?"

आवाज चढला नव्हता, पण आई वाढायची थांबली. मला इतका राग आला की भात तसाच टाकून उठले.

सगळं अजूनही पटलेलं नाही, सांगून ठेवते. तुमच्या काळी गावं सायकलवर गाठता यायची. आता कितीतरी शेतं नव्या राजधानीच्या रस्त्यांखाली गेली, आणि उरलेल्या घरांतल्या पोट्ट्यांना चिखलात उतरायचं नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं? परवा बीरगांवात राहणाऱ्या आमच्या एका कामगाराला विचारलं, काहून जातोस बाबा, पगार तर इथं मिळतो. म्हणाला, कंपनी कधी बाहेर काढेल काय भरोसा, वर्षाचा तांदूळ तरी घरात पाहिजे. गेल्या मंदीत आम्ही खरंच लोक काढले होते.

शेवटी मघाशी मालकांकडे गेले. म्हटलं, कुणालाच काढू नका, उन्हाळ्यातली भट्टीची दुरुस्ती आत्ताच घ्या. नवी माणसं आणली तर शिकेपर्यंत हात भाजून घेतील, आणि हाताला वळण लागेपर्यंत मागणीचे दिवस निघून जातील. ते चिडले. "मॅडम, हमें फैक्टरी चलानी है या इनकी खेती?"

"सर, धान बिकेगा तभी सरिया बिकेगा." सळईचं तुमचंच वाक्य, हिंदीत.

त्यांनी पेनचं टोपण लावलं. सोचके बताता हूँ, म्हणाले. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आत्ता फोन आला. उद्यापासून भट्टी थंड करायची, कुणाला काढायचं नाही. पण यंदापुरतंच. पुढच्या वर्षी बाहेरच्या राज्यातून ठेक्यावर माणसं आणायचा विचार आहे म्हणे. म्हणजे पुन्हा भांडणं आलं. आनंद व्हायला हवा होता, तर मी परत खिडकीशी जाऊन उभी राहिले.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणूनच एवढं लिहून टाकते. फोन ठेवता ठेवता मालकांनी विचारलं, ये आइडिया आपको दिया किसने? या रस्त्यावरची जुनी माणसं अजून तुमचं नाव काढतात, बाबा. तरी मी म्हटलं, मेरा ही है, सर.