उजेड विसरणारी चिप

१ ऑक्टोबर, बुधवार
चिप चालली. तेच लॉजिक गेट अंधारात ‘आणि’ (AND), उजेडात ‘किंवा’ (OR). कुठल्या गेटांवर उजेड पाडायचा, तीच किल्ली. चोरून फोडली तरी आत सगळे ट्रान्झिस्टर एकसारखे, काही कळणार नाही. सोमवारी पैसे देणाऱ्या कंपनीच्या बाई बघायला येणार. त्यांना पटलं तर हे काम अजून वर्षभर. नाहीतर परत दुसऱ्यांच्या चिपा तपासत बसायचं.

२ ऑक्टो., दसरा
हाटकेश औद्योगिक वसाहतीच्या सगळ्या गाळ्यांत यंत्रांना झेंडू. कंपनी परेश सरांची, पूजाही त्यांचीच. हार मापनाच्या टेबलाजवळ नको म्हटलं, पराग पडतात. हळदकुंकू बाहेरच्या पत्र्यावर. निरांजनाला हरकत घेतली नाही. तुपाचं, काजळी धरत नाही. मशीनमध्ये चिप होती, वरचं झाकण लावायला गेले तर सर म्हणाले, “देवाला मशीनचं तोंड तरी दिसू दे.” राहू दिलं. घरी श्रीखंड. दोनदा घेतलं.

३ ऑक्टो.
अंधारातही ‘किंवा’. सुया, तारा, प्रोग्रॅम, सगळं ठीक. मापनं फरहीन घेते. ती म्हणाली, “कल दीया जल रहा था, तब रोका क्यों नहीं?”
धुळीचाच विचार केला. उजेडावर चालणारी वस्तू बनवते मी.
आजवर उजेड क्षणभरच देत होतो, म्हणून दिसलं नाही. जास्त वेळ दिला की चिप तो धरून ठेवते. म्हणजे चोराला किल्ली आयतीच.

४ ऑक्टो., शनि.
आईकडे निरांजन मागितलं.
“ऑफिसात आरती करतेस आता?”
“मोजायचंय.”
पुढे विचारलं नाही. तिचं हे बरं आहे.
दिवा दाखवला, ‘किंवा’ अडकलं. मग उलट्या व्होल्टेजचा एक झटका. ‘आणि’. पुन्हा केलं, पुन्हा तेच. फरहीनने डब्यातला शीरखुर्मा अर्धा माझ्याकडे सरकवला. छान दिवस.

६ ऑक्टो., सोम.
सर म्हणत होते, दिव्याचं सांगू नको, हसतील. सांगितलं. बाई हसल्या नाहीत.
“झटक्यानंतर आत काहीच उरत नाही?”
“मला मोजता येईल एवढं नाही.”
“मग आमच्या लोकांना मोजू दे.”
चिपला किल्ली दाखवली, झटका दिला, काळ्या डबीत घालून दिली. किल्ली सांगितली नाही. त्यांच्या लोकांना ती चिपमध्ये सापडली, तर आमचं काम बंद.

९ ऑक्टो.
बाईंचा फोन नाही. सर विचारून गेले, आईही विचारते, कसला फोन ते माहीत नसताना. मला झोप चांगली लागतेय. आकडे बरोबर आहेत.
निरांजन परत दिलं. आईने चिंचेने घासून लखलखीत केलं, देवापुढे ठेवलं. मी उचलून आतून बोट फिरवलं.
बोटाला किंचित काळं आलं.