जांभळं टिंक्चर

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी रॉकेलचा वास आला की मी अजून आधी माझी बोटं बघते. चिंचणीच्या शाळेतली ती दुपार. तिकडे तारापूरला वीज केंद्राचं काम नुकतं सुरू झालेलं, आणि मी, शेजारच्या दांडी गावच्या कोळ्याची पोर, तुमचं विज्ञानाचं कपाट पुसतेय. समुद्रातल्या खडकावर कालवांचे शिंपले काढताना टाच चिरली होती, म्हणून टिंक्चर आयोडीनची बाटली उघडली, आणि ती हातातून निसटली. फुटली नाही, पण सगळं औषध फरशीवर. मी ते फडक्याने टिपून घेतलं. सकाळीच आई म्हणाली होती, "शाळेतून नाव काडलं ना, तर उद्यापासून म्हावऱ्याची पाटी डोक्यावर. मंग माज्याकडं रडायचं नाय." मी घाईघाईने कपाटातले आयोडीनचे खडे बाटलीत टाकले आणि वर हाताशी होतं ते कंदिलाचं रॉकेल ओतलं. खरं टिंक्चर कोऱ्या चहाच्या रंगाचं. हे झालं जांभळं. तसंच बूच लावून ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी हेडसरांचं बोट कापलं, बाटली काढली तर आत जांभळं रॉकेल, आणि ते शिपाईकाकांवर कडाडले, "किल्ली तुझ्याकडे असते! उद्यापासून येऊ नकोस." काका हात जोडून म्हणत होते, "आयेशप्पत सायेब, मी हात पन लावला नाय." मी दारात उभी राहून बघत होते. तुम्ही बाटली उजेडात धरलीत, मग माझ्या बोटांवरचे तपकिरी डाग पाहिलेत. मी हात पाठीमागे नेले. "सर, मीच भरली," तुम्ही म्हणालात. "मुलांना दोन रंग दाखवायचे होते." सगळ्यांदेखत बोलणी खाल्लीत, आणि ते खोटं निभावायला पुढच्या तासाला खरंच दोन नळ्या हातात धरल्यात. "रॉकेल आयोडीनला धरत नाही, म्हणून ते आपल्या रंगात, जांभळं. टिंक्चरमधलं स्पिरिट त्याला धरतं, म्हणून तपकिरी." त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर तुम्ही टेबलाशी थोड्या थांबायचात. मी मागच्या दाराने पळायचे.

पुढे आयुष्यभर मी त्या धरण्यावरच काम केलं. रेणूत कार्बनला जोडलेल्या आयोडीनच्या बाहेरच्या टोकाला इलेक्ट्रॉनची टंचाई असते. तिथे नायट्रोजन नेमका समोरून येऊन धरतो. त्याच रेणूत फ्लोरिन बसवले की टंचाई वाढते, पकड घट्ट होते. असे रेणू बेतण्यात माझे केस पिकले. पण नळीत जांभळा रंग दिसला की आजही दचकते, कोणीतरी माझी बोटं बघेल म्हणून.

आज माझ्या निवृत्तीच्या समारंभात एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, या विषयाकडे कशा वळलात?" माझे हात आपोआप पदराखाली गेले. म्हटलं, "आमच्या बाईंनी एकदा दोन रंगांचा प्रयोग दाखवला होता." टाळ्या वाजल्या. ती बाटली मी भरली होती, बाई. हे सांगतेय तेही फक्त तुम्हाला, आणि तेही कुठेच पोचणार नाही अशा पत्रात.